तलाठी झालो, तर पगार खाली येईल?

प्रश्न : मी औंधचा. वडूजच्या तहसील कार्यालयात लिपिक आहे, मूळ वेतन २६,८०० रुपये. आता तलाठीपदी निवड झाली आहे. पुन्हा २५,५०० पासून सुरुवात करावी लागेल का?

उत्तर : नाही, मात्र तुमचा अर्ज कार्यालयामार्फत गेलेला हवा. राजीनाम्यात ‘शासनाच्या नव्या पदावर रुजू होण्यासाठी तांत्रिक राजीनामा’ असे स्पष्ट लिहा. नुसता राजीनामा दिलात, तर वेतनाबरोबर आधीची सेवाही जाते. या एका ओळीपायी चांगली माणसे वर्षानुवर्षे खेटे घालतात, म्हणून एवढे बजावतो. तलाठीपदाच्या एस-८ वेतनस्तरात २६,८०० चा टप्पा नाही. तेव्हा किमान २७,१०० वर वेतननिश्चिती मागा. आधार : महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियम, १९८१. कार्यमुक्तीचा आदेश आणि अंतिम वेतन प्रमाणपत्र हाती घेऊनच निघा. सेवापुस्तक मागे लागून पाठवायला लावा.