विद्यार्थ्याच्या मानसिक श्रमांचे मोजमाप

गणिताच्या चाचणीत दोन विद्यार्थ्यांना दहापैकी आठ गुण मिळतात. एकाने उदाहरणे सहज सोडविलेली असतात. दुसऱ्याला त्यासाठी जिवाचे रान करावे लागलेले असते. गुणपत्रकात मात्र दोघे सारखेच. पुढील इयत्तेत अभ्यासक्रम थोडा चढा झाला की दुसरा मागे पडतो आणि शिक्षक व पालक म्हणतात, 'कालपरवापर्यंत तर ठीक होता!' तो ठीक नव्हताच; त्याच्या श्रमांची नोंद कोणी घेतली नव्हती, एवढेच.

हे श्रम मोजता येतील काय? या प्रश्नाचा मागोवा घेताना संशोधकांचे लक्ष गेले ते डोळ्याच्या बाहुलीकडे. १९६४ साली अमेरिकेत एकहार्ड हेस व जेम्स पोल्ट यांनी काही व्यक्तींना तोंडी गुणाकार करावयास दिले व त्या वेळी त्यांच्या डोळ्यांची छायाचित्रे घेतली. गुणाकार जितका अवघड, तितकी बाहुली अधिक विस्फारत असे. उत्तर देण्याच्या किंचित आधी ती सर्वांत मोठी होई व उत्तर दिल्यावर पूर्ववत होई. १९६६ साली डॅनियल कानेमान (पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी) व जॅक्सन बीटी यांनी अंकांची मालिका ऐकवून ती परत म्हणावयास सांगितली. प्रत्येक अंक ऐकताना बाहुली रुंदावत गेली आणि एकेक अंक सांगून टाकताना आकुंचन पावत गेली. डोईवरच्या भाऱ्यातून एकेक पेंढी उतरवावी, तसाच हा प्रकार.

तथापि येथेच अडचण सुरू होते. उजेडाच्या कमीअधिकपणामुळे बाहुलीचा व्यास सुमारे २ ते ८ मिलिमीटरपर्यंत बदलतो. मानसिक श्रमांमुळे होणारा फरक मात्र बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. खिडकीबाहेर ढग आला, तरी सारे मोजमाप बिघडावयाचे. हृदयाच्या ठोक्यांमधील अंतराचा चढउतार, घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युत्वाहकता, मेंदूतील विद्युत्लहरी यांचीही हीच कथा आहे. उकाडा, धावत शाळेत येणे, परीक्षेची धास्ती या साऱ्यांचे पडसाद त्यांत उमटतात. यंत्रावरील आकडा श्रमाचा की भीतीचा, हे यंत्राला सांगता येत नाही.

दुसरा मार्ग अगदी साधा, म्हणजे विद्यार्थ्यालाच विचारण्याचा. स्वीडनमधील गुन्नार बोर्ग यांनी शारीरिक श्रमांसाठी ६ ते २० अशी श्रेणी तयार केली होती. व्यायाम करणाऱ्याने सांगितलेल्या अंकाला दहाने गुणले की निरोगी प्रौढाच्या नाडीचे ठोके साधारणपणे मिळत. त्याच परंपरेत १९९२ साली नेदरलँड्समधील फ्रेड पास यांनी मानसिक श्रमांसाठी नऊ पायऱ्यांची श्रेणी वापरली. १ म्हणजे अत्यल्प श्रम, ९ म्हणजे पराकाष्ठेचे. तांत्रिक शाळेतील विद्यार्थ्यांचे तीन गट करून त्यांना सांख्यिकीचे धडे देण्यात आले. एका गटाने उदाहरणे स्वतः सोडविली, दुसऱ्याने सोडवून दाखविलेली उदाहरणे अभ्यासली, तिसऱ्याने अर्धवट सोडविलेली पुरी केली. नव्या स्वरूपाच्या प्रश्नांवर नंतरच्या दोन्ही गटांनी अधिक चांगली कामगिरी केली आणि तीही कमी श्रम नोंदवून. 'घाम गाळल्यावाचून गणित येत नाही' ही आपली आवडती समजूत नव्या शिकाऊ मुलांच्या बाबतीत तरी तपासून पाहावी लागेल.

१९९४ मध्ये पास व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही श्रेणी व हृद्गतीतील चढउतार यांची तुलना केली, तेव्हा सूक्ष्म फरक टिपण्यात यंत्रापेक्षा विद्यार्थ्याचे शब्दच सरस ठरले.

स्वनिवेदनातही दोष आहेतच. शिक्षकांना बरे वाटावे म्हणून मूल 'सोपे गेले' म्हणते. सर्व उदाहरणे संपल्यावर एकदाच विचारले, तर प्रत्येक उदाहरणानंतर दिलेल्या अंकांच्या सरासरीपेक्षा अधिक श्रम सांगितले जातात. शिवाय कमी श्रम म्हणजे प्रभुत्वच असे नव्हे; प्रयत्नच सोडून दिलेला विद्यार्थीही १ असे लिहू शकतो. म्हणून श्रमांक एकटा वाचावयाचा नसतो, तो गुणांच्या शेजारी ठेवूनच वाचावयाचा असतो.

यंत्रांचा मोह मात्र वाढतो आहे. २०१९ साली चीनच्या चेच्यांग प्रांतातील एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळावर मेंदूलहरी टिपणारे पट्टे बांधल्याचे उघडकीस आले. लोकांच्या तीव्र नाराजीनंतर तो वापर थांबविण्यात आला. मुलाचे लक्ष कोठे आहे याची नोंद क्षणोक्षणी कोणाच्या तरी हाती जावी काय, हा प्रश्न अशी साधने खरेदी करण्याचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीपुढे येईल, त्या दिवशीच विचारला गेला पाहिजे.

आपल्या वर्गात हा प्रयोग करण्यास वही-पेन्सिल पुरे. प्रत्येक उदाहरणाखाली विद्यार्थ्याने एक चौकोन आखून त्यात १ ते ९ पैकी अंक लिहावा. लहान वर्गांत 'सोपे, मध्यम, जड' अशा तीनच पायऱ्या ठेवाव्यात. या अंकांवर गुण देऊ नयेत व ते वर्गात मोठ्याने वाचूनही दाखवू नयेत. पूर्ण गुण आणि चौकोनात ८ किंवा ९, अशा वह्या प्रथम बाजूला काढाव्यात.