मानवाधिकाराची तक्रार: यवतमाळहून खर्च किती, कागद कोणते

मानवाधिकार आयोगाकडे तक्रार करायला फी नाही. कोर्ट फी स्टॅम्प लागत नाही, वकील लागत नाही. तक्रार मराठीत, साध्या कागदावर, हाताने लिहिली तरी चालते. ‘आयोगाची फी’ म्हणून कुणी पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका.

खर्च होतो तो कागद जमवण्यात. आणि सगळ्यात महाग पडते ती वेळ. घटनेपासून एक वर्ष उलटले, की मानवाधिकार संरक्षण कायदा, १९९३ च्या कलम ३६ नुसार आयोगाला चौकशी करता येत नाही. घरात माणूस गेलेला असतो, पेरणीचे कर्ज डोक्यावर असते आणि वर्ष कधी सरते ते कळत नाही.

यवतमाळला हा विषय नवा नाही. २०१७ च्या हंगामात पऱ्हाटीवर फवारणी करताना जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, आठशेवर लोक दवाखान्यात दाखल झाले. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेऊन राज्य सरकारला नोटीस काढली. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये दोन विधवा आणि विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी यांनी थेट स्वित्झर्लंडमधल्या बासेलमध्ये सिंजेंटा या कीटकनाशक कंपनीविरुद्ध दावा मांडला. कंपनीने जबाबदारी नाकारली. परदेशी संस्थांचे वकील पाठीशी होते म्हणून ती वाट चालता आली. एकट्या कुटुंबाला ती परवडणारी नाही.

मग तक्रार कुणाविरुद्ध करायची? बहुतेक अर्ज इथेच अडतात. आयोग कंपनीविरुद्धची तक्रार घेत नाही. त्याचा अधिकार लोकसेवकाने केलेल्या हक्कभंगापुरता, किंवा तो रोखण्यात लोकसेवकाने केलेल्या हयगयीपुरता आहे. म्हणून ‘अमुक औषधाने माझा नवरा मेला’ एवढेच लिहून थांबू नका. विनापरवाना औषध विकणाऱ्या दुकानाची तपासणी कुणी केली नाही, दवाखान्यात उतारा मिळाला नाही, ठाण्यात तक्रार लिहून घेतली नाही, यातले जे खरोखर घडले असेल ते तारखेसह आणि अधिकाऱ्याच्या पदासह लिहा. आफ्रिकेतही हेच सूत्र मान्य झाले आहे. नायजेरियाच्या ओगोनी भागात तेलामुळे जमीन आणि पाणी नासले, तेव्हा आफ्रिकी मानवाधिकार आयोगाने २००१ मध्ये नायजेरिया सरकारला दोषी धरले: लोकांना तेल कंपन्यांपासून वाचवणे हे सरकारचे काम होते आणि ते त्याने केले नाही. तिथल्या माणसाला देशातले उपाय संपले, की बांजुलचा तो आयोग आहे. ज्या देशांनी तशी मुभा दिली, तिथल्या लोकांना टांझानियातल्या आरुशाचे न्यायालयही आहे. आपल्याकडे तसे काही नाही. दक्षिण आशियाचे मानवाधिकार न्यायालय अस्तित्वातच नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत आहे, पण त्याखाली एकट्या माणसाला संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार करू देणारा जोडकरार भारताने स्वीकारलेला नाही. आपली दारे मुंबई, दिल्ली आणि नागपूरलाच आहेत.

मुंबईत राज्य आयोग आहे: ९, हजारीमल सोमाणी मार्ग, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, मुंबई ४००००१. दिल्लीत राष्ट्रीय आयोग: मानव अधिकार भवन, ब्लॉक सी, जीपीओ कॉम्प्लेक्स, आयएनए, नवी दिल्ली ११००२३. दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज टाकू नका. राज्य आयोगापुढे प्रकरण असेल, तर राष्ट्रीय आयोगाला त्यात हात घालता येत नाही. माझे मत असे: पोलीस कोठडी किंवा तुरुंगातला मृत्यू असेल, तर दिल्लीला लिहा. असा मृत्यू २४ तासांत कळवण्याचे त्या आयोगाचे निर्देश १९९३ पासून आहेत आणि ते काम तिथे रुळलेले आहे. दवाखाना, ठाणेदार, तहसील यांच्या तक्रारींसाठी मुंबई ठीक, पण तिथे सुनावणीला बोलावणे येऊ शकते हे धरून चाला. यवतमाळ शहरातून मुंबईला थेट रेल्वे नाही. धामणगाव किंवा बडनेरा गाठावे लागते. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. दिल्लीचा आयोग बहुतेक काम कागदांवरच चालवतो.

आता कागद. पोलिसांनी नोंदवलेल्या प्रथम खबरीची प्रत फिर्यादीला आणि पीडिताला फुकट मिळते. रुग्णाचे केसपेपर मागितल्यापासून ७२ तासांत द्यावेत, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले उपचार असोत की खासगी दवाखान्यातले, अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शवविच्छेदन अहवाल किंवा पंचनामा मिळत नसेल, तर माहितीचा अधिकार वापरा: अर्जाला १० रुपये, पानाला २ रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना काहीच नाही. उत्तर आले नाही, तर पहिल्या अपिलाला २० रुपये. औषधाची बाटली आणि दुकानाचे बिल फेकू नका.

टपालासाठी स्पीड पोस्ट करा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झाले. ऑक्टोबर २०२५ च्या दराने दूरच्या गावी ५० ग्रॅमपर्यंत ४७ रुपये आणि वर जीएसटी. कागदांचा गठ्ठा जाड असेल तर थोडे अधिक. झेरॉक्स, टपाल, माहितीचा अधिकार असे सगळे धरून तीनशे रुपयांत तक्रार पोहोचते. बुडालेल्या मजुरीचा हिशेब वेगळा, आणि तोच जड असतो. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणची कामे एकाच खेपेत उरका. राष्ट्रीय आयोगाच्या संकेतस्थळावरून अर्ज केला तर टपालही वाचते. त्यांचा मदत क्रमांक १४४३३.

निनावी, मोघम, किंवा दुसऱ्याच अधिकाऱ्याला लिहून आयोगाला नुसती प्रत धाडलेली तक्रार सहसा निकाली काढली जाते. कोर्टात चाललेले प्रकरण, नोकरीतला वाद, भावकीतला धुऱ्याचा तंटा, हेही घेत नाहीत. नाव, गाव, तारीख, पद, आणि तुम्हाला काय हवे, हे दोन पानांत बसवा.

हाती काय लागते, तेही स्पष्ट सांगायला हवे. आयोग शिफारस करतो: भरपाई द्या, कारवाई करा. कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी तिची वसुली होत नाही. शिफारस कागदावरच राहिली, किंवा वर्षाची मुदत हुकली, तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिकेचा विचार करता येतो. कंपनी किंवा दुकानदाराविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाची वाट वेगळी आहे. तिथे मुदत दोन वर्षे, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ज्याच्या नावाने बिल फाटले तोच नव्हे, त्याच्या संमतीने औषध वापरणारासुद्धा कायद्याने ग्राहक ठरतो, हे शेतमजुरांनी लक्षात ठेवावे.

नागपूरला वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. यवतमाळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर. फोन १५१००. जाताना आधार कार्ड, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला आणि वरच्या सगळ्या कागदांच्या प्रती न्या. मूळ कागद मात्र कुणाच्याही हाती ठेवून येऊ नका.