चित्र वाचताना

चित्र आपण पाहतो. पण ते वाचताही येते. राजा रविवर्मा यांचे १९०६ सालचे एक तैलचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. त्याची कथा रामायणातील आहे. लंकेला जाण्यासाठी वाट द्यावी म्हणून रामाने समुद्राची तीन दिवस प्रार्थना केली. समुद्राने दाद दिली नाही. तेव्हा संतापून रामाने धनुष्य उचलले.

आता कथा घटकाभर बाजूला ठेवा आणि फक्त देखावा पाहा. काळवंडलेले आकाश, खवळलेल्या लाटा, वाऱ्याने उडणारे वस्त्र. राग केवळ रामाच्या चेहऱ्यावर नाही. चित्रकाराने तो आभाळात आणि पाण्यात पसरवला आहे. आपण नागपूरकर, समुद्र आपल्यापासून दूर. हरकत नाही. जून महिन्यात अंबाझरी तलावावर आभाळ एकाएकी भरून येते, पाणी शिशासारखे दिसू लागते आणि आपण काही न बोलता सायकल घराकडे वळवतो. तोच हा भाव.

उर्दूत आपण याला 'कैफियत' म्हणतो. मराठीत मात्र हा शब्द जपून वापरा. येथे कैफियत म्हणजे आपली बाजू मांडणारे निवेदन! उर्दूतील 'अलामत' म्हणजे मराठीत 'प्रतीक'.

राम ज्यावर उभा आहे तो खडक कशाचे प्रतीक आहे? मला वाटे, रामाच्या निश्चयाचे. वर्गातील एक मुलगी म्हणाली, "सर, राम तीन दिवस शांत बसला होता ना? तो खडक म्हणजे ते तीन दिवस." मी विचारले, "कशावरून?" तिने चित्रावर बोट ठेवले: सगळे हलते आहे, एक खडकच तेवढा स्थिर आहे. तिचे उत्तर मी बरोबर धरले.

लाटांतून वरुणदेव वर येत आहे, म्हणजे वादळ ओसरण्याची खूणही याच चित्रात आहे.

आणखी एक गोष्ट. रविवर्मांचे धाकटे बंधू राजराज वर्मा निसर्गचित्रे काढत. थोरल्या भावाच्या चित्रांतील पार्श्वभूमी रंगवण्यातही त्यांचा हात असे. जानेवारी १९०५ मध्ये ते वारले. त्यामुळे या काळ्या आकाशात भावाच्या मृत्यूचे दुःख शोधण्याचा मोह होतो. मलाही झाला. पण बोट कोठे ठेवावे, ते मला चित्रात सापडले नाही. म्हणून परीक्षेत कोणी तसे लिहिले, तर मी विचारीन, "कशावरून?"