ताप उतरेल गं, आधी बाटली नीट वाच

अगं, रात्री दोन वाजता पोराचं अंग तापलेलं लागलं की हातपायच गळतात. पण बघ, ताप हा काही वेगळा आजार नाही. शरीर आजाराशी झुंजतंय, म्हणून तो चढतो. त्यामुळे थर्मामीटरचा आकडा उतरवायचाच, असा हट्ट धरू नकोस. औषध द्यायचं ते त्याची तगमग थांबावी, दोन घोट पाणी पोटात जावं, डोळा लागावा म्हणून. १०१ ताप असूनही गाड्या खेळत बसला असेल तर खेळू दे. मात्र बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ झाला, तर घरी काहीही करत बसायचं नाही. रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठायचा.

मुलांना आधी पॅरासिटामॉलच. त्याचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत चारच डोस. खरं सांगू का, गडबड होते ती बाटलीवरून. एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम औषध असतं, दुसऱ्यात २५०, आणि तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये तर प्रत्येक मिलिलिटरला १००! दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे, तर १२० च्या सिरपचे साधारण सहा मिलिलिटर लागतात, २५० च्या सिरपचे तीन आणि ड्रॉप्सचे फक्त दीड. सिरपचं माप डोक्यात ठेवून सहा मिलिलिटर ड्रॉप्स पाजलेस, तर चौपट औषध गेलं गं पोटात! म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलीस की तुझ्या घरात असलेल्याच बाटलीचे किती मिलिलिटर द्यायचे ते लिहून घे आणि फ्रिजवर चिकटव. पोराचं वजन वाढलं की तो आकडाही बदलून घ्यायचा. स्वयंपाकघरातला चमचा नको, बाटलीसोबतचं मापच वापर. आणि डोस दिलास की वेळ लिहून ठेव. नाहीतर तू दिलेला, आजीनेही दिलेला, आणि दोघींना पत्ता नाही.

तुझंही तसंच आहे हं. अंग दुखलं म्हणून डोलो ६५० घेतेस, नाक गळतंय म्हणून वर सर्दीची गोळी. पण त्या सर्दीच्या गोळीतही बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच. कॉम्बिफ्लाममध्येही आहे, सोबत आयबुप्रोफेन. मोठ्या माणसाला दिवसाला ४००० मिलिग्रॅमच्या पुढे जायचं नसतं, आणि यकृताचा त्रास किंवा रोजचं मद्यपान असेल तर त्याच्याही बरंच अलीकडे थांबायचं. ६५० च्या सात गोळ्या झाल्या की ती मर्यादा ओलांडली. वाईट म्हणजे यकृताला धक्का बसत असतो तेव्हा पहिल्या दिवशी थोडी मळमळ सोडून काहीच जाणवत नाही. जास्त गोळ्या गेल्याची शंका आली, तर त्रास व्हायची वाट बघू नकोस, लगेच हॉस्पिटल. त्यावर उतारा आहे, आणि पहिल्या आठ तासांत दिला तर तो सगळ्यात चांगला लागू पडतो.

पावसाळ्यात एक गोष्ट अगदी घट्ट लक्षात ठेव. ताप डेंग्यूचा नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांना हात लावायचा नाही, रक्तस्राव होऊ शकतो. हृदयासाठी कुणाची ॲस्पिरिन चालू असेल तर ती मात्र आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. मुलांना तर तापात ॲस्पिरिन कधीच नाही. निमेसुलाइडही नको, बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे. जुन्या डब्यात एखादी पट्टी उरली असेल तर आजच काढून टाक.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली ती गोळी कसली आहे, तेही बघ जरा. बीपी, मूत्रपिंड किंवा अल्सरचा त्रास असलेल्या माणसाने रोज डायक्लोफेनॅक घेणं बरं नव्हे. त्यांना रागवू नकोस, त्यांचं दुखणं खरं आहे. फक्त पट्टी घेऊन एकदा डॉक्टरांकडे ने.

आणि पाळीच्या दुखण्यावर तू घेतेस ती मेफ्टाल, ती उपाशीपोटी घेऊ नकोस. अंगावर पुरळ, ताप किंवा गाठी आल्या तर ती थांबवायची आणि लगेच डॉक्टरांना दाखवायचं. अशी रिॲक्शन क्वचितच येते, पण २०२३ साली भारतीय औषधसंहिता आयोगाने तिच्याबद्दल सावध केलं होतं. दिवस गेल्याची शंका असली, तर विचारल्याशिवाय यातली कुठलीच गोळी घ्यायची नाही. आणि दर महिन्याला गोळीवाचून उठवतच नसेल, तर ते दुखणं अंगावर काढू नकोस गं, डॉक्टरबाईंना दाखवून ये. पोराला माझ्याकडे सोडून जा हवं तर.