बार्श्च : बिटाचे आंबट सार

पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबरला सायंकाळी ‘विगिल्या’ नावाचे भोजन असते. आकाशात पहिला तारा दिसला की कुटुंब मेजाभोवती बसते. अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक जागा रिकामी ठेवतात. मांस वर्ज्य असलेल्या या भोजनात अनेक घरी प्रथम ‘बार्श्च’, म्हणजे बिटाचे सार वाढतात.

त्याची तयारी आठवडाभर आधीच सुरू होते. बरणीत बिटाच्या चकत्या, लसूण व तमालपत्र घालून वर मिठाचे पाणी ओततात. चकत्या पूर्ण बुडालेल्या हव्यात, नाहीतर बुरशी धरते. पाच-सात दिवसांत पाणी आंबते. उत्तर भारतातील कांजी ज्यांनी चाखली आहे, त्यांना ही चव परकी वाटणार नाही. घाईत काहीजण लिंबू पिळतात. त्याने आंबटपणा येतो, आंबवल्याचा स्वाद येत नाही.

सणाच्या दिवशी भाज्या व सुक्या रानअळंब्या उकळून गाळलेल्या पाण्यात हे आंबवण मिसळतात. त्यानंतर सार केवळ गरम करावे. उकळी फुटली, की माणकासारखा लाल रंग तपकिरी होतो आणि आठवड्याची मेहनत वाया जाते. वाढताना त्यात अळंब्यांचे सारण भरून उकडलेल्या चिमुकल्या करंज्या सोडतात. त्यांच्या आकारावरून त्यांना ‘उश्का’, म्हणजे ‘इवलेसे कान’ म्हणतात.