छाटलेल्या शंकूचे चिन्ह

जवळा बाजारच्या परिसरात हळदीचा हंगाम तोंडावर आला, की शेतकऱ्यांची हळद पॉलिश करण्याच्या ड्रमसाठी एकच घाई उडते. अशाच एका हंगामात तेथील एका लहानशा वर्कशॉपचे नकाशे संगणकावर काढण्याचे काम माझ्याकडे आले, आणि आय.टी.आय.मधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मला, प्रत्येक रेषा बिनचूक असली म्हणजे नकाशाही बिनचूक असतो, असे मनापासून वाटत होते.

ड्रमच्या शाफ्टला आधार देणारे, एका अंगाला कान पुढे आलेले सहा ब्रॅकेट हवे होते. मी ऑटोकॅडमध्ये त्यांची घनाकृती रचली आणि तीवरून समोरचे, वरचे व बाजूचे दृश्य काढले; परंतु ज्या जुन्या फाइलवरून मी पान उचलले तिच्यात थर्ड अँगल पद्धत ठरलेली होती, याची खातरजमा मी केली नाही, आणि पद्धतीचे चिन्हही पानावर घातले नाही. थर्ड अँगलमध्ये उजवीकडून पाहिलेले दृश्य उजवीकडेच मांडतात; आपल्याकडे शिकवल्या जाणाऱ्या फर्स्ट अँगलमध्ये मात्र उजवीकडे मांडलेले दृश्य डावीकडून पाहिलेले असते. परिणामी सहाही ब्रॅकेटचे कान पुढच्याऐवजी मागे गेले. वर्कशॉपमधील वयोवृद्ध मिस्त्री शांतपणे एवढेच म्हणाले, "बाळा, उजवीकडं काढलंस म्हणजे डावीकडून बघितलेलं, मी तसंच वाचलं." दोष त्यांचा तिळमात्र नव्हता.

फर्स्ट अँगलच्या चिन्हात छाटलेल्या शंकूची अरुंद बाजू डावीकडे आणि दोन वर्तुळे उजवीकडे असतात. पद्धतीचे चिन्ह नाव-तारखेच्या चौकटीत नसेल, तर तो नकाशा अपुरा दस्तऐवज समजावा.

त्यानंतर मी प्रत्येक पानावर आयसोमेट्रिक दृश्यही देऊ लागलो, कारण कान कोणीकडे आहे हे त्यात एका दृष्टिक्षेपात कळते. केंब्रिजच्या विल्यम फॅरिश यांनी 1822 मध्ये मांडलेली ही रीत मोठी उपकारक आहे, तथापि तिच्यातही एक मेख आहे. घनाकृती फिरवून घेतलेल्या आयसोमेट्रिक दृश्यात 100 मिलिमीटरची कड, पूर्ण मापाने छापली तरी, पट्टीवर सुमारे 81.6 भरते; तीच कड एफ-5 या कळीने प्रतल बदलत 30 अंशांच्या रेषांनी हाताने काढली, तर पूर्ण 100 भरते. म्हणून आयसोमेट्रिकवर पट्टी लावून माप घेण्याची वेळ कोणावर येऊ देऊ नये. सारी मापे अंकांत लिहावीत. आणि तेथील भोके साध्या वर्तुळाने कधीही काढू नयेत. इलिप्स कमांडमधील आयसोसर्कलच वापरावे.

माझ्या नवशिक्या बंधुभगिनींना विनंती एवढीच, की छापील पान हाती घेऊन मिस्त्रींच्या शेजारी बसावे, बाजूचे दृश्य कोणत्या बाजूने पाहिलेले आहे हे त्यांच्याच तोंडून ऐकावे, आणि मगच प्लेटवर गॅसकटर लावू द्यावा.