संगणकाच्या पोटातील संगणक

कार्यालयातील जुना संगणक निकामी झाला की त्याच्या जागी नवा येतो. परंतु जुन्यावर चालणारी आज्ञावली नव्यावर चालेलच असे नाही. युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये जेथे ठराव, याद्या व पत्रव्यवहार टंकलिखित झाले, तेथे या अडचणीचे गांभीर्य विशेष जाणवते. त्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत. मूळ फाँट व आज्ञावली हाताशी नसल्यास ग्रामसभेचा ठराव पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन उमटतो. दप्तर शाबूत आहे, पण वाचता येत नाही, अशी ही अवस्था होय. त्यातही सोळा बिटी आज्ञावली चौसष्ट बिटी विंडोजवर मुळीच चालत नाहीत.

अशा वेळी आभासी यंत्र उपयोगी पडते. नव्या संगणकाची थोडी स्मृती व साठवणीची थोडी जागा वेगळी काढून, तेथे जणू दुसरा स्वतंत्र संगणकच आहे असा भास एक नियंत्रक आज्ञावली निर्माण करते. त्यात जुनी प्रणाली, उदाहरणार्थ विंडोज एक्सपी, रीतसर बसविता येते. बाहेरील प्रणाली यजमान, आतील पाहुणी. पाहुणीला जी स्वतःची हार्ड डिस्क वाटते, ती प्रत्यक्षात यजमानाकडील एक मोठी फाईल असते. बिचारीला याचा पत्ता नसतो.

ही कल्पना जुनी आहे. १९६० नंतरच्या दशकात आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात तयार झालेल्या सीपी-४० या प्रणालीने एकाच मोठ्या संगणकावर चौदा आभासी यंत्रे चालविली. १९७२ साली त्याच परंपरेतील व्हीएम/३७० बाजारात आली. वैयक्तिक संगणकावर मात्र वेगळेच विघ्न होते. कनिष्ठाने अधिकाराबाहेरची आज्ञा दिली तर प्रकरण वरिष्ठाकडे जावे, हा येथील दंडक. इंटेल घराण्यातील प्रक्रियकांच्या काही आज्ञा मात्र अधिकार नसताना गुपचूप भलताच निकाल देत आणि नियंत्रकाला त्याची वार्ताही लागत नसे. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ साली अशा आज्ञा चालण्यापूर्वीच बदलून घेण्याची युक्ती वापरात आणली. २००५ व २००६ मध्ये इंटेल आणि एएमडी या कंपन्यांनी प्रक्रियकातच तशी सोय केली. ही सोय काही संगणकांवर बंद ठेवलेली असते. ती प्रारंभीच्या मांडणीत जाऊन चालू करावी लागते.

व्हर्च्युअलबॉक्ससारखी नियंत्रक आज्ञावली विनामूल्य मिळते. पाहुण्या प्रणालीचा परवाना मात्र लागतोच. यंत्र आभासी असले तरी परवाना खराच हवा. एक्सपीची किमान गरज अवघी ६४ एमबी स्मृतीची असल्याने तिला ५१२ एमबी दिली तरी पुष्कळ होते. जुन्या मराठी आज्ञावलीला प्रिंटरच्या खोबणीत बसणारे कुलूप असेल, तर ते आधी तपासावे. नव्या संगणकांना बहुधा ती खोबणच नसते, आणि तेथे हा उपाय अडतो.

एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. त्यामुळे पाहुण्या यंत्राची जाळेजोडणी बंदच ठेवावी, आणि फायली नेण्या-आणण्यासाठी दिलेला सामायिक फोल्डर कामापुरताच उघडावा. यंत्राची त्या क्षणाची स्थिती गोठवून ठेवण्याची सोय फार उपयुक्त आहे. परंतु तिला राखीव प्रत समजण्याची चूक सर्रास होते. ती स्थिती त्याच डिस्कवर असते. डिस्क गेली की दोन्ही गेली. यंत्र बंद करून त्याचा संपूर्ण फोल्डर वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यावा.

मजकूर एकदा वाचता आला, की तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि जुन्या छापील प्रतीशी अक्षरशः ताडावा. रफार व जोडाक्षरे यांत रूपांतर हमखास चुकते, आणि खातेदाराच्या आडनावातील हरवलेला रफार पुढे त्याला खेटे घालावयास लावतो. मूळ फायली मात्र आहेत तशाच ठेवाव्यात.